चुळबुळीचा ब्लॉग आणि एक हिरवा कोट

तिला सगळे चुळबूळ म्हणायचे. चांगलं चार अक्षरी नाव होतं हो तिला, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. जन्मल्यापासून एका जागी म्हणून बसली नाही ही बाई. लग्नातले फोटो बघा, नवरा सगळीकडे स्पष्ट आणि ही सगळीकडे पुसट. फोटोवाल्याने शेवटी हात टेकले आणि म्हणाला, "वहिनी, श्वास घेतला तरी चालेल, पण हलू नका." तर म्हणे, "मी कुठे हलतेय?" आणि तेवढं बोलताना दोनदा पदर सारखा केला!

अशा बाईला नोकरी मिळाली ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, काउंटरवर दिवसभर उभं राहण्याची. पुढे काचेचा दरवाजा, त्याला घंटी. मागे छतापासून लोंबणारे हँगर आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले लोकांचे सूट, साड्या, पडदे. त्याच्याही मागे ढोलासारखं घरघरणारं मशीन, वाफेच्या इस्त्रीवर गेली तीस वर्षं उभे असलेले इस्त्रीवाले काका, आणि एका कोपऱ्यात डागांचं टेबल. पांढरा दिवा, सात बाटल्या, मऊ ब्रश, टिपायची फडकी. त्या टेबलाशी मात्र चुळबूळ पुतळा व्हायची. डाग कसला, किती जुना, कापड कुठलं, सगळं नुसतं बघून सांगायची. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघायचा, मग बाहेरून आत टिपत जायचं, घासायचं कधीच नाही. तेवढी दहा मिनिटं हिचे पायसुद्धा शांत. मालकीणबाई म्हणायच्या, "हिला डागच डाग आणून द्या रे, म्हणजे माझं डोकं तरी शांत राहील."

काउंटरवर सगळ्या गिऱ्हाइकांचा प्रश्न तोच. शाई कशी जाते? घामाचं पिवळं कसं जातं? तेच ते सांगून हिचं तोंड दुखलं, तेव्हा तिने ठरवलं की एकदाच लिहून टाकायचं, ज्याला पाहिजे त्याने वाचावं. फोनवर ब्लॉग काढला, आणि पहिल्याच लेखाची सुरुवात काय केली? "मानवी जीवनात वस्त्रांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे."

तिची नणंद शाळेत शिकवते. चहाला आली होती, तिला मोठ्या हौसेने वाचून दाखवलं. नणंदेने चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनी, हे कोण बोलतंय?"

"म्हणजे काय? मी."

"तू? तू काल दूधवाल्याला म्हणालीस, 'मेल्या, हे दूध आहे की भांडी विसळलेलं पाणी.' आणि शर्टाबद्दल बोलताना एकदम सभेला उभी राहिलीस?"

"लिहायचं म्हणजे जरा बरं नको का लिहायला?"

"बरं लिही. पण तूच लिही ना. असले निबंध मी वर्षाला दोनशे तपासते, आणि पहिली ओळ वाचतच नाही."

चुळबुळीला राग आला. तीन दिवस नणंदेचा फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी लेखाखाली आयुष्यातली पहिली कमेंट आली, 'बटण' असं नाव घेतलेल्या कुणाची तरी. "पहिले दोन परिच्छेद सोडून दिले. तिसऱ्यापासून उपयोग झाला. शाई गेली. आभार." झालं! बाईंनी तिथल्या तिथे पहिले दोन परिच्छेद उडवले आणि नणंदेला फोन लावला, "काय गं, फोन का करत नाहीस?"

तेव्हापासून तिने एक युक्ती काढली. लिहिलेलं काकांना मोठ्याने वाचून दाखवायचं. काका मत वगैरे देत नसत, त्यांना विचारलं तर "छान आहे" म्हणून मोकळे. पण त्यांचा हात खरं बोलायचा. वाक्य कंटाळवाणं असलं की इस्त्री सरकत राहायची, सुस्स, सुस्स. वाक्य लागलं की इस्त्री अधांतरी थांबायची. ज्या वाक्याला इस्त्री थांबली नाही ते वाक्य बाद. अशाने एकेका लेखाचा निम्मा भाग कचऱ्यात जायचा, आणि उरलेलं लोक वाचायचे.

पण वाचणारे किती? तर अडतीस. कधी एक्केचाळीस, कधी सदतीस. तो आकडा फोनवर दिसायचा, आणि आमच्या बाईसाहेब दर दोन मिनिटांनी बघायच्या. पावती फाडताना बघायच्या, हँगर काढताना बघायच्या. एकदा नवऱ्याचा ताप बघायला थर्मामीटर हातात घेतला आणि बघितला फोन. "किती आहे?" नवऱ्याने विचारलं. "सदतीस," ही म्हणाली. तो बिचारा ताप नाही म्हणून उठून कामाला गेला.

माणसं जोडायची म्हणून तिने आधी भलताच घोळ घातला. दिसेल त्याच्या ब्लॉगवर जायचं, "सुंदर लिहिलंय" म्हणायचं आणि खाली आपल्या ब्लॉगची लिंक चिकटवायची. बागेवर लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी उत्तर दिलं, "ताई, माझे वडील गेले, त्याबद्दल मी लिहिलंय. त्याखाली तुम्ही 'सुंदर' म्हणालात आणि गवताचे डाग कसे काढायचे त्याची लिंक दिलीत." चुळबुळीने एवढी मोठी जीभ चावली. त्या दुपारी तिने त्यांचे सगळे लेख वाचले, एकूण एक. माफी मागितली, आणि कुंडीतल्या मुंग्यांबद्दल खरोखरचा एक प्रश्न विचारला. लिंक नाही टाकली. आठवड्याने ते स्वतःच हिच्या ब्लॉगवर आले, चिखलाच्या पँटचा प्रश्न घेऊन.

असं करत करत बारा-चौदा माणसं जमली. बटण होतं, बागवाले होते, मुलींच्या वसतिगृहावरच्या एक मावशी होत्या, बोटीवरचा एक स्वयंपाकी होता, त्याला तेलकट एप्रनशिवाय दुसरं दुःखच नव्हतं. दुपारी तीन ते चार दुकानात शुकशुकाट, तेव्हा ही प्रत्येकाला उत्तर द्यायची. पुढे पुढे तर मावशी स्वयंपाक्याला सल्ला द्यायच्या, बटण मावशींना चिडवायचं, आणि चुळबूळ हळूच बाजूला बसून गंमत बघायची. बसून म्हणजे काय, उभ्या उभ्याच.

तरी मन काही भरत नव्हतं. चौदा माणसं म्हणजे काय, आमच्या जिन्यातसुद्धा जास्त आहेत, म्हणायची.

आणि मग तो कोट.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक आजोबा एक बायकी हिरवा कोट घेऊन यायचे. जाड लोकरीचा, मोठ्या बटणांचा. बरं, कोट स्वच्छ! एक डाग असेल तर शपथ. तरी द्यायचे, आणि चार दिवसांनी न्यायचे. खिशात नेहमी एक घडी घातलेला कागद असायचा. धुण्याआधी खिशातलं काढून पाकिटात घालायचं आणि ते पाकीट हँगरला टोचायचं, ही दुकानाची पद्धत. चुळबुळीने तो कागद उलगडला. पिवळट पडलेला, घडीवर विरलेला. बाईमाणसाचं अक्षर. दूध, पाव, दिवा, गुडघ्याच्या गोळ्या. महिनोन् महिने तोच कागद.

"काका, हे काय हो?"

काका म्हणाले, "बायको गेली असेल. माणूस गेलं की असं काहीतरी धरून बसतात लोक."

बस्स. हिच्या डोक्यात दिवा पेटला. एका दुपारी एका दमात लिहून काढलं. कोट, कागद, आजोबांची बोटं बटणावरून कशी फिरतात. शेवटी लिहिलं, "ती आता नाही. पण तिचं दूध आणायचं अजून राहिलंय." काकांना वाचून दाखवलं. इस्त्री अधांतरी थांबली ती थांबलीच. काकांनी बाहीने नाक पुसलं.

आणि नाव कुणाचंच घातलं नाही हं तिने! त्यात ती पक्की होती. दुकानाचा नियमच होता, गिऱ्हाइकाचं नाव बाहेर काढायचं नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कपड्याला अस्तराच्या आत कापडाची पट्टी शिवलेली असते, तिच्यावर नंबर. दुकानात सगळे नंबरानेच बोलतात. "दोनशे बारा आले का?" "नव्वदचं बटण लावलंस का?" म्हणून हिनेही लिहिलं, चारशे सतरा नंबरचा कोट. तीस वर्षं या धंद्यात असलेल्या काकांनाही त्यात काही खटकलं नाही. नंबर म्हणजे झाकलेलं नाव, एवढंच दोघांच्या डोक्यात बसलेलं. तोच नंबर गिऱ्हाइकाच्या हातातल्या पावतीवर ठळक छापलेला असतो, हे दोघांनाही सुचलं नाही.

संध्याकाळपर्यंत तीनशे वाचक. दुसऱ्या दिवशी दोन हजार. तिसऱ्या दिवशी पाच हजार, आणि आकडा पळतच होता. दीडशे कमेंट. लोक आपापल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहीत होते, कुणी चष्मा जपलाय, कुणी चपला. 'दुसरा मजला' असं नाव घेतलेल्या एकाने लिहिलं, "दोन वर्षं तिचं कपाट उघडलं नव्हतं. तुमचं वाचून आज उघडलं." ती ओळ चुळबुळीने किती वेळा वाचली असेल, तिची तिला ठाऊक. नणंदेला वाचून दाखवली, नवऱ्याला दाखवली, पोस्टमनलासुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानाचा फोन वाजला.

"चारशे सतरा बोलतेय," बाईचा आवाज.

"हां, बोला. कोण आपण?"

"मेलेली."

चुळबुळीच्या हातातलं पावतीबुक खाली पडलं.

"अगं, ऐकतेस का? भाचीने पाठवलं मला ते तुझं. वाचून मी रडले! बिचारी कोण ती बाई, म्हणत होते. निम्म्यात आल्यावर नंबर वाचला, पावती काढली, म्हटलं, अरेच्चा, ही तर मीच!"

"आजी... मी... मला वाटलं..."

"तुला वाटलं ते सगळ्यांनी वाचलंय. आता कोट तू स्वतः घेऊन ये. यांना पाठवणार नाही मी आज. आणि घाबरू नकोस, मी फार काही करू शकत नाही, मला जिना उतरता येत नाही."

मालकीणबाईंना सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यापुढे गिऱ्हाइकाच्या खिशातलं एक अक्षर जरी बाहेर गेलं ना, तर तू आणि तुझा फोन, दोघंही बाहेर. जा, कोट देऊन ये." बस इतकंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दार आजोबांनी उघडलं, ते पार गोंधळलेले, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. आजी खिडकीशी खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर फोन. चुळबूळ दारातच या पायावरून त्या पायावर.

"बस."

"नको, मी उभीच..."

"बस म्हणते ना."

बसली. हातात पर्स, पर्सची चेन उघड-बंद, उघड-बंद.

"तो कागद माझाच आहे," आजी म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी बाजारात निघाले होते. यादी केली, कोट घातला, आणि दुसऱ्या पायरीवर गुडघा गेला. तेव्हापासून मी खाली उतरलेले नाही. ऑपरेशन व्हायचंय. ते झालं की हाच कोट घालून जायचं, हीच यादी घेऊन. म्हणून ठेवलीय. आणि कोटाला कुबट वास लागू नये म्हणून दर महिन्याला धाडते."

"दुसरंही कारण आहे," आजोबा आतून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. हो, आहे. हे रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात. माझे डबे हलवतात. महिन्यातून दोन तास मला घर मोकळं मिळतं ते या कोटामुळे."

चुळबुळीला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी. "आजी, मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते ते. कुणाला कळणारही नाही."

आजींनी फोन उचलून डोळ्यांसमोर धरला. "यात ते बटणावरून बोटं फिरवतात, लिहिलंयस. ते खरं आहे? माझ्यासमोर तर कधी नाही फिरवत." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "तेवढं मला आवडलं. पण 'ती आता नाही', हे तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी नाही."

"मग लिहिलंस कसं?"

छान वाटलं म्हणून लिहिलं, इस्त्री थांबली म्हणून ठेवलं, हे त्या खुर्चीसमोर बोलवेना.

"काढ नाहीतर ठेव, तुझं तू बघ," आजी म्हणाल्या. "लोकांना सांगितलंस तर मी जिवंत आहे एवढं मात्र ठसठशीत लिही. बाकी माझ्या घरचं काही नको. आणि हो, पावतीचा नंबर बदलून दे."

परतीच्या वाटेवर चुळबूळ दोन चौक पुढे गेली आणि मग लक्षात आलं की दुकान मागे राहिलं. गुपचूप काढून टाकलं तर खरंच कुणाला कळणार नव्हतं. पाच हजार लोक विसरून गेले असते. पण तो 'दुसरा मजला'? त्याने कपाट उघडलं होतं, हिच्या शब्दावर. आणि शब्द मनचा निघाला.

दुपारी तिने खुलासा लिहिला. भला मोठा! धंद्याची पद्धत, नंबर कसे असतात, काका काय म्हणाले, आपला हेतू किती चांगला होता. काकांना वाचून दाखवला. सुस्स, सुस्स. इस्त्री सरकतच राहिली. काकांच्या मानेवर घाम होता, आणि ते कधी नाही ते बोलले, "माझं नाव घेऊ नकोस म्हणत नाही. पण हे सगळं कशाला सांगतेस? तू चुकलीस ना?"

तिने खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. शेवटी एवढं उरलं:

"हिरव्या कोटाची बाई जिवंत आहे. ती गेली असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी अंदाज केला आणि खरं म्हणून लिहिला. खिशातला कागद वाचायचा मला अधिकार नव्हता, जगाला सांगायचा तर नव्हताच. मजकूर काढला आहे. तुमच्या कमेंट राहू देते आहे, कारण त्या खऱ्या आहेत. माझं चुकलं."

ब्लॉगवर टाकलं आणि फोन डागांच्या टेबलावर पालथा ठेवला. मग उचलला. मग पुन्हा टाकला. संध्याकाळपर्यंत हेच.

लोकांनी तिला काही सोडलं नाही हो! खोटारडी म्हणाले, लोकांच्या दुःखावर दुकान चालवते म्हणाले. आकडा आला तसा गेला, पाच हजारांवरून सहाशे, मग दोनशे, मग नव्वद. बागवाले म्हणाले, "तुम्ही माझी माफी मागितली होती तेव्हाही अशीच सरळ मागितली होती. मी आहे." वसतिगृहाच्या मावशींनी आधी चांगलं झापलं, आणि मग पडद्यावरच्या मेणाचं विचारलं. बटणाने फक्त लिहिलं, "या वेळी पहिल्या ओळीपासून वाचलं." पण चुळबुळीचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. दुसरा मजला काही बोलत नव्हता. एक दिवस गेला. दुसरा अर्धा गेला. तिने एका पांढऱ्या शर्टाला निळ्या ब्लेझरची पट्टी शिवली, एका बाईंना दुसऱ्याच बाईंचे पडदे दिले. मालकीणबाई नुसत्या बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला कमेंट आली.

"म्हणजे सगळं मनाने लिहिलंत."

हिने आधी "हो" लिहिलं. मग समजुतीच्या चार ओळी लिहिल्या, चारही पुसल्या. मग फक्त एवढंच लिहिलं, "हो. तुम्हाला कपाट उघडायला लावलं, त्याचं मला फार वाईट वाटतं." आणि पाठवलं.

दहा मिनिटं चुळबूळ काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती.

"उघडलेलं आता बंद करवत नाही," त्याचं उत्तर आलं. "तिचाही एक कोट आहे, राखाडी. कुबट वास येतोय, कसर लागेल अशी भीती वाटते. धुवायला टाकणार होतो. पण कॉलरच्या आतून तिच्या पावडरचा पट्टा उमटलाय. तो जायला नको. कोट स्वच्छ होईल आणि पट्टा राहील, असं करता येतं का?"

चुळबूळ थांबली. आजवर हजार जणांनी तिला डाग घालवायचं विचारलं होतं. राहू द्यायचं कुणीच विचारलं नव्हतं. तिने स्टूल ओढलं, बसली, आणि लिहू लागली.

"दुकानात टाकू नका. दुकानदार चांगला असेल तर पट्टा नक्की काढून देईल, आम्हाला तेच शिकवलंय. घरीच करा. रुंद हँगरला लावून सावलीत, वारा खेळेल अशा जागी चार दिवस टांगा, ऊन नको. मऊ ब्रशने खांद्यापासून खाली झाडा, कॉलरपासून चार बोटं लांब राहा. पावडर कोरडी असते, ती घासण्याने जाते. म्हणून धुतलेलं जुनं सुती फडकं कॉलरवर सैल टाचून ठेवा, घट्ट नको. प्लास्टिकमध्ये अजिबात गुंडाळू नका..."

घंटी वाजली. दारातून एक गृहस्थ आले, हातात जाकीट, त्यावर चहाचा ताजा ओघळ. काउंटरवर बोटांनी टकटक केली.

"बाई, मी उभा आहे इथे!"

"उभे राहा," ती मान वर न करता म्हणाली. "आणि ते घासू नका तोवर."

आणि फोनवर पुढची ओळ लिहिली, "आधी एक सांगा, पट्टा कॉलरच्या कुठल्या बाजूला जास्त उमटलाय, डाव्या की उजव्या?"